बत्ती नेमकी कुठं होती

“ही सुरमई कुणी पाठवली?” आमच्या ह्यांनी दारातूनच विचारलं.

“रघूभाऊजींनी. माईंसाठी.”

“परत पाठव.”

“परत कशी पाठवू? तुकड्या करून मीठ-हळद लावून झालं. आता तिला जोडून पोहायला लावू का?”

माई, म्हणजे माझ्या सासूबाई, मागच्या पडवीत पाय पसरून लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मोरू, शेपटीकडचा तुकडा तुला ठेवते हो.”

“मला नको! ही लाच आहे, आई. धडधडीत लाच आहे.”

“बरं, मधला ठेवते.”

हे पाय आपटत बाहेर गेले, आणि जेवायला बसल्यावर मधल्या दोन तुकड्या खाऊन उठले. लाच माईंना होती, खाल्ली मात्र सगळ्या घरानं.

आता ही लाच कशाची ते सांगायला हवं. आमचं गाव उंडिवणे, आणि हे तेव्हा गावचे सरपंच. शेजारचं गाव शेवरवेळ, ते माईंचं माहेर. तिथला सरपंच रघुवीर शिरधनकर हा माईंचा सख्खा भाचा, म्हणजे ह्यांचा मामेभाऊ. दोघं लहानपणी एका ताटात जेवलेले, एका चिंचेवरून पडलेले. पण त्या वर्षी समोरासमोर आले की एकमेकांच्या चपलांकडे बघून बोलायचे.

दोन गावांच्या मधे सडा आहे. सडा म्हणजे कातळाचं उघडंबोडकं पठार, थेट समुद्रात घुसलेलं. शिडाच्या जहाजांच्या काळात त्या सड्यावर एक दगडी मनोरा होता. त्याला दीपगृह वगैरे इकडे कुणी म्हणत नाही, बत्ती म्हणतात. माईंचे वडील त्या बत्तीवर नोकरीला होते आणि माईंचा जन्मही तिथल्या दोन खोल्यांत झालेला. पुढे लांबच्या डोंगरावर नवी मोठी बत्ती झाली, जुनी बंद पडली, एका वादळात कोसळली, आणि तिचे घडीव दगड दोन्ही गावांनी रातोरात नव्हे, चांगले दिवसाउजेडी बैलगाड्या लावून घरी नेले. कुणाच्या जोत्यात गेले, कुणाच्या विहिरीला लागले. पायाचे वरचे दगडसुद्धा सोडले नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हा सड्यावर बत्तीची खूण म्हणून काही उरलं नव्हतं.

आणि अशात वरून निरोप आला, की जुन्या बत्तीच्या जागी स्मारक करायचं आहे. बाग होणार, पर्यटक येणार, आणि ज्या गावाच्या हद्दीत बत्ती होती त्या गावातून वरपर्यंत डांबरी रस्ता जाणार. झालं! सड्याला समुद्राकडे दोन टोकं आहेत, उघडलेल्या कातरीसारखी. एक आमच्या हद्दीत, दुसरं त्यांच्या. दोन्ही गावांतल्या म्हाताऱ्यांना विचारलं, तर प्रत्येकाला बत्ती आपल्याच टोकावर दिसलेली. आमचे शंकरकाका तर सांगत सुटले की ते लहानपणी तिच्या पायरीवर रोज अभ्यास करायचे. शंकरकाकांनी आयुष्यात कधी अभ्यास केला होता हीच गावाला बातमी होती.

ह्यांनी आमच्या परसातला धुण्याचा दगड पुरावा म्हणून साहेबांना दाखवायचं ठरवलं, कारण तो बत्तीचा होता. मी म्हटलं, “दाखवा की. आधी त्यावरचे तुमचे लेंगे तेवढे उचला.”

शेवटी खरा साक्षीदार म्हणून एकट्या माई उरल्या. त्या बोट दाखवतील तिथं बत्ती, असं दोन्ही गावांनी मान्य केलं. बिचाऱ्यांना वाटलं, भांडण मिटलं. अडकल्या त्या माई. उंडिवण्याचं टोक दाखवलं तर माहेर तुटणार, भाऊ गेल्यावर तिथलं एवढंच एक घर उरलेलं. शेवरवेळचं दाखवलं तर पोटच्या पोराची गावात मान खाली. आणि मला त्याच गावात उरलेला जन्म काढायचा होता, त्याच बायकांबरोबर. मला खरंच धास्ती बसली होती.

माईंना मात्र कसली धास्ती? त्यांची नुसती चंगळ चालली होती. शेवरवेळहून मासळी यायची, शहाळी यायची. ह्यांना अचानक आईच्या गुडघ्याची आठवण झाली आणि हे रोज संध्याकाळी तेलाची वाटी घेऊन बसायला लागले.

“जरा खाली चोळ,” माई म्हणायच्या. “हां. त्या सायबानं महिन्याआधी निरोप धाडला असता तर दुसरा गुडघा पण झाला असता.”

“आई, चेष्टा नको. हे बघ, तू काही बोलूसुद्धा नकोस. नुसतं आपल्या टोकाकडे बोट दाखवायचं.”

“कुठलं बोट?”

“कुठलंही दाखव गं!”

“नाय, कसं हाय, अंगठा दाखवला तर वाईट दिसेल म्हणून विचारलं.”

मी चुलीकडे तोंड फिरवून हसले. हे वाटी तिथंच ठेवून उठले.

त्या संध्याकाळी मी माईंना सरळ विचारलं, “माई, मला तरी सांगा. खरंच कुठं होती हो?”

“जिथं होती तिथं होती.” मग काय वाटलं कुणास ठाऊक, स्वतःच बोलायला लागल्या. “तात्या दुपारभर काचा पुसायचे. राख चाळून घ्यायची, मऊ धडप्यानं पुसायचं. बोटाचा ठसा उठला तर आम्हा पोरांना रट्टा. आईला समुद्राकडची खिडकी संध्याकाळी उघडायची बंदी. घरातला दिवा बाहेर दिसला तर होडीवाल्यांचा घोटाळा व्हायचा ना! मग आई म्हणायची, सगळ्या जगाला उजेड, नि मला मात्र अंधारात भाकऱ्या.” माई हसल्या. “आई हुशार होती माझी. बत्तीचा उजेड कुणाला कामाला येतो ते तिला बरोबर कळायचं.”

मला वाटलं, होड्यांबद्दलच बोलत असतील.

दिवाळीच्या आधी साहेब आले. धारप नावाचे, चाळिशीतले, डोक्यावर उन्हाची टोपी, हातात गुंडाळलेला नकाशा. सडा माणसांनी भरून गेला होता. एका बाजूला उंडिवणे, दुसऱ्या बाजूला शेवरवेळ, वरात दोन्हीकडून आलीय आणि मुलगी कुणाचीच नाही असा देखावा. शेवरवेळकरांनी साहेबांसाठी खुर्ची आणली होती. ती बघून ह्यांनी धावत आमच्याकडून टेबल मागवलं. मग साहेब त्यांच्या खुर्चीवर बसले आणि आमच्या टेबलावर नकाशा पसरला.

रघूभाऊजी सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते. “साहेब, इकडं या, इकडं! आमच्या टोकावर उभं राहून बघा, मग कळेल बत्ती कुठं असणार ते!” एकदा साहेब ऊन लागलं म्हणून दोन टोकांच्या मधे, जरा आतल्या बाजूला एक करवंदीची जाळी होती तिच्या सावलीला टेकायला निघाले. अख्ख्या सड्यावर तेवढंच एक हिरवं. तर भाऊजी आडवेच झाले. “तिथं नको साहेब! फुरसं असतं तिथं!” सापाचं नाव ऐकताच साहेब टुणकन उडाले. मला भाऊजींची कीव आली. साहेबांना आपल्या हद्दीबाहेर सावलीतसुद्धा बसू देत नाहीत, म्हटलं, काय ही ईर्षा!

माई माझ्या खांद्यावर हात ठेवून सावकाश आल्या. नऊवारी कडक, नाकात नथ. लग्नाला सुद्धा त्या एवढ्या नटत नसत.

“आजी, बसा,” साहेब उठून म्हणाले.

“बसते मग. आधी सांगा, तुम्ही करणार काय तिथं?”

साहेब खूश झाले. त्यांना बहुतेक हे कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. “ही बत्तीची मूळ जागा. तिथं स्तंभ. भोवती बाग. इथं चहाचा स्टॉल. आणि ही मागं स्वच्छतागृहं, स्तंभाला लागूनच, म्हणजे पर्यटकांची सोय.”

“म्हणजे संडास?”

“हो... म्हणजे, तसंच.”

“आणि पाया खणणार?”

“खणावा तर लागणारच. चांगला पुरुषभर खोल. शिवाय संडासाची टाकी.”

माईंनी मान हलवली. दोन्ही गावं श्वास रोखून उभी होती. ह्यांनी मला खूण केली, म्हणजे मी माईंना आमच्या टोकाकडे वळवावं. मी आभाळाकडे बघितलं.

माई निघाल्या. सगळी गर्दी मागून. त्या आमच्या टोकाकडे चालायला लागल्या तेव्हा उंडिवणेकर टाळ्या वाजवायच्या बेतात आले, पण त्या मधेच वळल्या. शेवरवेळकरांच्यात कुणीतरी “आत्या, शाब्बास!” म्हणालं, तर त्या तिकडूनही वळल्या. करवंदीच्या जाळीपाशी जरा थांबल्या, चपला काढून हातात घेतल्या. “खडा गेला,” म्हणाल्या. अनवाणीच पुढे गेल्या, आणि बऱ्याच पुढे जाऊन चपला पुन्हा पायात घातल्या. मग कड्याच्या अगदी टोकाशी उभ्या राहिल्या आणि बोट केलं.

समोर पाणी होतं. त्या पाण्यात, हाकेच्या अंतरावर, एक काळा खडक. लाटा त्यावर फुटत होत्या.

“तो खडक दिसतोय?” माई म्हणाल्या. “तिथं होती.”

ह्यांनी डोळे चोळून पुन्हा बघितलं. मग हे म्हणाले, “आई, तो समुद्र आहे.”

“आता हाय. तेव्हा सडा तिथपर्यंत होता. तिसरं टोक होतं हे मधलं. समुद्रानं खाल्लं.”

“आत्या,” रघूभाऊजी म्हणाले, “नक्की ना?”

“तुझा आजा तिथं बत्ती लावायचा आणि तू मला विचारतोस नक्की का?”

साहेबांनी दुर्बीण लावली. “पण आजी, दगड तर दोन्ही गावांनी नेले म्हणतात. समुद्रातून कसे नेले?”

मला वाटलं, आता सापडल्या. पण माई कुठल्या सापडतात!

“आधी बत्ती पडली, दगड नेले, मग मोकळं टोक पडलं. एवढं भारी डोक्यावर होतं तोवर टोक जागेवर होतं. तुमच्या घरातसुद्धा बघा, कर्ती बाई उठून गेली की घर ढासळतं का नाय?”

बायका हसल्या. साहेबांनी अजून एकदा विचारलं, “म्हणजे तुमची खात्री आहे?”

“माझा जन्म इथला. तुमचा कुठला?”

“डोंबिवलीचा.”

“मग?”

साहेबांनी नकाशा गुंडाळला. समुद्रात स्तंभ होत नाही, बाग होत नाही आणि संडास तर मुळीच होत नाही. दोन्ही टोकांवर एकेक पाटी आणि एकेक बाक, एवढ्यावर मामला मिटला. रस्ता आम्हाला मिळाला नाही, पण त्यांनाही मिळाला नाही, त्यामुळे दोन्ही गावं मोठ्या समाधानानं घरी गेली. ह्यांनी आणि रघूभाऊजींनी टेबल-खुर्ची मिळून उचलली. त्या दिवशी भाऊजी आमच्याकडेच जेवले.

मी मात्र बेचैन होते. मला समुद्रातलं काही कळत नाही, मी वाईकडची, घाटावरची. पण माणसाच्या तोंडावरचं कळतं. भांडी घासताना मी म्हटलं, “माई, ठोकून दिलीत ना आज?”

“मी?” त्यांनी पदर तोंडाला लावला. “देवाशप्पथ घ्यायला कुणी सांगितलं होतं का मला? नाय ना? मग गप घास.”

चार दिवसांनी भाऊबीज आली.

माईंचा भाऊबीजेचा एक हट्ट होता आणि घरात त्याची कायम थट्टा चालायची. शेवरवेळला एसटी जायची, पण त्या दिवशी माई सड्यावरून चालत जायच्या. तबक, निरांजन, कुंकू आणि पदराच्या गाठीला कुरमुरे बांधून. भाऊ वारल्यावरही जाणं सुटलं नाही, रघूला ओवाळते म्हणायच्या. ह्यांचं म्हणणं, आईला एसटीचं तिकीट जिवावर येतं. त्या वर्षी गुडघ्यानं पार संप केला, तरी माई ऐकेनात. “कुंदा, तू चल बरोबर,” म्हणाल्या. आजवर त्यांनी कुणाला बरोबर घेतलं नव्हतं.

दुपार कलती झाली होती. सड्यावर वारा भणाणत होता आणि आम्हा दोघींशिवाय चिटपाखरू नव्हतं. करवंदीच्या जाळीशी आल्यावर माईंनी चपला काढल्या.

“पुन्हा खडा गेला वाटतं,” मी म्हटलं.

“तू पण काढ.”

त्यांचा आवाज ऐकून मी मुकाट्यानं काढल्या. माईंनी जाळीच्या बुडाशी पडलेला पाचोळा हातानं बाजूला केला, तबक ठेवलं, निरांजन काढलं. काडी ओढली, विझली. दुसरी विझली.

“पदर धर गो. आडोसा कर. नुसती बघतेस काय?”

मी पदर पसरून वाऱ्याकडे पाठ करून बसले. वात पेटली. माईंनी मातीवर कुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या आणि त्या जमिनीला ओवाळलं. मग गाठ सोडून मूठभर कुरमुरे ठेवले. कुणी लहान मूल समोर बसलं असावं तशा हसल्या.

मी पदर तसाच धरून विचारलं, “माई, कोण हो?”

“भाऊ माझा. रघूच्या बापाच्या पाठचा. बारशाआधीच गेला.” त्या निरांजनाकडे बघत होत्या. “ऐन पावसाळ्यात. एवढ्याशा जिवाला काय कुणी जाळत नाय, पुरतात. पण पुरायचं कुठं? सगळा कातळ. पहार मारली तर ठिणगी उडते. माती होती ती फक्त बत्तीच्या बुडाला, पायाच्या खड्ड्यात भरायला आणलेली. तात्यांनी तिथं खणलं. तू बसलीयस ना, तिथं जिन्याची पायरी होती.”

मी जरा सरकून बसले.

“आई रडली नाय तेव्हा. तात्यांना एवढंच म्हणाली, बरं झालं इथं ठेवला, रोज संध्याकाळी डोक्यावर दिवा लागेल, अंधाराला भ्यायचा नाय तो. आणि मग बत्ती बंद झाली, गो. सायबांनी कुलूप लावलं नि गेले. आई त्या दिवशी रडली. एवढी रडली की तात्या घाबरले. मरताना मला म्हणाली, द्वारके, वर्षातून एकदा तरी दिवा दाखव त्याला.”

मला रडू आवरेना. पदर तर आडोशाला धरलेला, डोळे पुसायला हात मोकळा नाही. तसंच वाहू दिलं.

“पण मग हे सगळ्यांना का नाही सांगितलंत, माई? कुणी हात लावला नसता इथं.”

“काय सांगतेस! मोरूनं समाधी बांधली असती. मग रघूनं तिच्यापेक्षा मोठी कमान उभी केली असती. पुढल्या वर्षी जत्रा, भोंगे, नारळाची दुकानं.” त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि डोळ्यांत पाणी असूनही ती नेहमीची खोडी होतीच. “बाळ हाय गो ते. झोपू देशील का नाय?”

वाऱ्यानं निरांजन विझलं. माईंनी तेच उचलून तबकात ठेवलं.

“वात काळी झालीय,” मी म्हटलं. “भाऊजींना ओवाळायच्या आधी बदलूया का?”

“राहू दे. रघूला काय कळतंय! त्याचं सगळं लक्ष चकल्यांवर.”

परत येताना त्यांनी मला कसली शपथ घातली नाही. फक्त एवढंच म्हणाल्या, “मोरूला नको सांगू. चांगला हाय, पण सरपंच हाय.”

त्यानंतर माई काही वर्षं होत्या. ती वर्षं आम्ही दोघी जात होतो. हे म्हणायचे, सासू-सुनेनं मिळून एसटीची दोन तिकिटं वाचवली. ते हसायचे, मग आम्हीही हसायचो. तिकडे समुद्रातल्या खडकाचं प्रस्थ मात्र भलतंच वाढलं. पाट्या वाचून माणसं यायला लागली, खडकाचे फोटो काढायला लागली. होडीवाले त्याला फेरी मारून आणायला लागले. शंकरकाका भेटेल त्याला सांगायचे, की ओहोटीला पाण्याखाली अजून पायऱ्या दिसतात, ज्यांवर बसून ते अभ्यास करायचे. माई हे ऐकून पोट धरून हसायच्या.

मग एका श्रावणात माई गेल्या. आजार नाही, काही नाही. सकाळी मला म्हणाल्या, “चहात साखर विसरलीस,” आणि दुपारी गेल्या. मी विसरले नव्हते. ते अजून मनाला लागून राहिलंय, की त्यांना शेवटचा चहा गोड लागला नाही.

त्या दिवाळीला घरात काही करायचं नव्हतं, सुतकी वर्ष. तरी भाऊबीजेला मी तबक भरलं. हे म्हणाले, “कुणाला ओवाळायला निघालीस? तुला तर भाऊच नाही.”

“रघूभाऊजींकडे जाऊन येते. माईंची पद्धत मोडायला नको.”

सड्यावर एकटी चालताना मला पहिल्यांदाच भीती वाटली. जाळी लांबून दिसली आणि मी थबकले. जाळीशी कुणीतरी बसलं होतं.

रघूभाऊजी होते. बाजूला चपला काढून ठेवलेल्या. जाळीच्या बुडाचा पाचोळा साफ केलेला, करवंदीच्या वाळक्या फांद्या छाटलेल्या. मला बघून ते उठले नाहीत. मी तबक घेऊन तशीच उभी.

“या वहिनी,” म्हणाले. “म्हटलं, तुम्ही येता का नाय ते बघावं. नाय आलात तर... पण मला काय ओवाळता येत नाय हो.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“आत्या भाऊबीजेला आमच्याकडे यायची, तेव्हा तिच्या निरांजनातली वात आधीच काळी असायची. दरवर्षी. लहानपणी मला राग यायचा, म्हटलं, ही आमच्याआधी कुणाला ओवाळून येते? एका वर्षी तिच्या वाटेवर लपून बसलो, तर ही मातीला ‘बाळा, दिवा आणलाय हो’ म्हणत ओवाळत होती.” त्यांनी खालच्या मातीवरून हात फिरवला. “तिला कधी बोललो नाय. कळलं असतं तर म्हणाली असती, या रघ्याच्या पोटात काय राहत नाय.”

माझ्या डोळ्यांसमोर तो साहेबांचा दिवस उभा राहिला. टुणकन उडालेले धारप साहेब. “म्हणजे ते फुरसं...”

“कसलं फुरसं! या जाळीत फुरसं कुणी पाहिलंय का कधी? पण तो बसला असता, म्हणाला असता, वा, इथं माती हाय, झाड हाय, जागा बरी हाय. मग?” ते जरासे हसले. “म्हणून तर गाव पेटवून आमच्या टोकावर उभा केला ना. मी टोकावर ओरडतोय म्हटल्यावर मोऱ्या त्याच्या टोकावर ओरडणारच. मधे कोण बघतो?”

“आणि तुमचं टोक निवडलं असतं तर?”

“तर तिथं संडास बांधला असता आणि रस्ता फुकट मिळाला असता,” भाऊजी म्हणाले. “सरपंच हाय मी, वहिनी. अगदीच साधू नाय.”

मी हसले आणि हसता हसता रडले. मग आठवलं म्हणून विचारलं, “मग ती सुरमई? रोज मासळी कशाला धाडत होतात? तुम्हाला तर आत्याकडून काहीच नको होतं.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी विचारू नये ते विचारलं. “आत्याला सुरमई आवडायची म्हणून,” म्हणाले.

मी चपला काढल्या, खाली बसले, निरांजन मांडलं. वारा नेहमीसारखाच होता. पहिली काडी विझली, दुसरी विझली. मी पदर सावरायला लागले, तेवढ्यात भाऊजींनी डोक्यावरची टोपी काढली आणि दोन्ही हातांनी वातीभोवती धरली.

“हं, लावा आता,” ते म्हणाले. “वाट बघत असेल तो.”